फेअरी फोर्ट भीतीमुळेच टिकले का?

"परींच्या भीतीमुळे हे फोर्ट हजार वर्षं टिकले." आयर्लंडच्या लोककथांवरच्या लेखनात हे वाक्य इतक्या वेळा येतं की त्याला पुरावा मागायचं कुणाला सुचतच नाही. आज आपण मागू.

फेअरी फोर्ट म्हणजे मातीचा किंवा दगडाचा गोल बांध, बहुतेकदा बाहेरून खंदक. यातले बहुतेक इ.स. 500 ते 1000 च्या आसपासचे, म्हणजे शेतकरी कुटुंबांची बंदिस्त घरं. नोंद झालेली ठिकाणं 40,000 हून जास्त. पुढे लोक त्यांना 'शी' लोकांची वस्ती मानू लागले. पंखवाली, कांडीवाली परी डोळ्यांसमोर आणू नका. हे लोक डिवचलं तर सूड घेणारे. म्हणून त्यांना दबकत 'भली माणसं' म्हणायचं.

1937 ते 1939 मध्ये सुमारे 50,000 शाळकरी मुलांनी मोठ्यांकडून ऐकलेल्या गोष्टी वहीत उतरवल्या. हाच 'स्कूल्स कलेक्शन'. त्यात एक साचा सारखा भेटतो: कुणीतरी फोर्ट सपाट केला किंवा तिथलं काटेरी झाड तोडलं, आणि मग गुरं दगावली, नाहीतर माणूस आजारी पडला.

आता बघा. फोर्ट पाडला आणि काहीच झालं नाही, तर त्याची गोष्ट कोण सांगणार? ती वहीत येणारच नाही. दुसरं, कुरणातला बांध कुणाच्या आड येत नाही, नांगरटीच्या शेतातला येतो. मग तो भीतीने वाचला की जमिनीच्या वापरामुळे? तिसरं, 20 व्या शतकात शेतीत यंत्रं आली आणि असंख्य फोर्ट भुईसपाट झाले. गोष्टी तेव्हाही होत्याच.

म्हणजे श्रद्धेचा परिणाम शून्य? तसंही नाही. 1999 मध्ये क्लेअर परगण्यात लटून इथे नव्या रस्त्याच्या वाटेत 'परींचं झाड' आलं. कथाकार एडी लेनिहन यांनी वर्तमानपत्रातून आवाज उठवला आणि झाड राखलं गेलं. पण इथे श्रद्धेसोबत एक आग्रही माणूस आणि जाहीर चर्चाही होती. शिवाय हे एकच उदाहरण.

दोष त्या वह्यांचा नाही. लोक काय सांगत होते, हे त्या उत्तम सांगतात. फोर्ट का टिकले, हा प्रश्न त्यांच्या आवाक्यातला नाही. त्यासाठी पाडलेल्या आणि टिकलेल्या फोर्टची, सारख्या जमिनीवरची तुलना हवी.

प्रपोजल लिहायला बसाल तेव्हा स्वतःला एवढंच विचारा: माझं म्हणणं चुकीचं असतं, तर माझ्या डेटात काय वेगळं दिसलं असतं? उत्तर "काहीच नाही" असेल, तर डेटा बदला, नाहीतर प्रश्न.