मोहरांचा हिशेब

‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ हा टेबलाभोवती बसून, फासे टाकत, बोलत खेळायचा अद्भुतकथेचा खेळ. गॅरी गायगॅक्स यांची ‘द कीप ऑन द बॉर्डरलँड्स’ ही त्यातली गाजलेली साहसपुस्तिका १९८१च्या प्राथमिक संचाच्या पेटीत मिळे. २०१४च्या पाचव्या आवृत्तीत ती खेळायची तर चिलखताचा जुना आकडा १९ मधून वजा केला की बहुतेकांचे रूपांतर संपते. मला ते अपुरे वाटते.

खरा फरक अनुभवगुणांत आहे. जुन्या नियमांत गॉब्लिन मारल्याचे ५ गुण, आणि योद्ध्याला दुसरी पायरी गाठायला हवेत २,०००. म्हणजे एकट्याने ४०० गॉब्लिन! उलट गुहेतून सुखरूप आणलेल्या प्रत्येक मोहरेला १ गुण. म्हणून शहाणा खेळाडू लढाई टाळी, चोरी करी, लाच देई. नव्या आवृत्तीत गॉब्लिनचे ५० गुण, पायरी ३००वर. सहा मारले की झाले. सोन्याला गुणच नाहीत. पुस्तिकेत गॉब्लिन २५० मोहरांची थैली टाकून शेजारच्या ओगर राक्षसाला मदतीला बोलावतात, ही तिची सर्वांत खट्याळ जागा. नुसते आकडे बदलले तर ती वाया जाते.

कोनला घरी आम्ही आधी तसेच खेळलो. भाचा आणि त्याच्या मित्रांनी पहिल्याच संध्याकाळी सरसकट कत्तल केली. मग मी मारण्याचे गुण काढून टाकले आणि सात मोहरांना एक गुण धरला. (सातच का, ते २,०००ला ३००ने भागून पाहावे.) पुढच्या बैठकीत पोरे ओगरच्या गुहेशी थांबली आणि त्याला ३०० मोहरा देऊ केल्या.