दारावरची घंटा

आमच्या जुन्या संगीत नाटकांत नांदी सुरू झाली की प्रेक्षक सावरून बसत. 'द बुक ऑफ मॉर्मन' या अमेरिकन संगीत नाटकात नांदीचे काम दारावरची घंटा करते. पांढरा सदरा, गळ्यात टाय व छातीवर नावाची काळी पट्टी अशा वेषातील कोवळे तरुण एकामागून एक पुढे येतात, घंटा वाजवितात, हसून अभिवादन करितात आणि पाठ केलेला धर्मोपदेश म्हणू लागतात. ट्रे पार्कर, मॅट स्टोन व रॉबर्ट लोपेझ या त्रयीचे हे नाटक २०११ च्या मार्चमध्ये ब्रॉडवेवर आले व त्याच वर्षी त्याने नऊ टोनी पारितोषिके मिळविली. त्याच्या गुणदोषांविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे. आम्हांस येथे विचार करावयाचा आहे तो केवळ या आरंभीच्या प्रवेशांचा. कारण नाटकाचे बळ व त्याची उणीव ही दोन्ही तेथेच दिसतात.

प्रवेशाचे स्थळ काल्पनिक नव्हे. यूटा संस्थानातील प्रोवो या गावी मॉर्मन पंथाचे प्रचारक-शिक्षण केंद्र आहे. तेथे येणाऱ्या मुलाचे वय पुष्कळदा अवघे अठरा असते. २०१२ पूर्वी ही मर्यादा एकोणीस होती. आईबाप निरोप घेऊन परततात, छातीवर पट्टी लागते आणि मिसरूड न फुटलेल्या त्या पोरास सर्वजण 'एल्डर', म्हणजे वडीलधारा, म्हणू लागतात. सोबतीस एक जोडीदार मिळतो. त्यास सोडून कोठेही एकट्याने जावयाचे नाही. घरच्यांशी दर आठवड्यास बोलण्याची मोकळीक २०१९ साली मिळाली. तोपर्यंत दूरध्वनी वर्षातून दोनदाच होई. दोन वर्षांच्या या व्रताचा विनोद नाटककारांनी अचूक हेरला आहे. देखणा, स्वतःवर खूष असलेला प्राइस आणि त्याच्या गळ्यात पडलेला गबाळा, थापाड्या कनिंगहॅम ही जोडी जमविण्यात त्यांची नाट्यदृष्टी उत्तम दिसते.

तपशिलात मात्र त्यांनी मोकळीक घेतली आहे. नाटकात कोणास कोठे धाडावयाचे ते शिक्षण केंद्रातच जाहीर होते आणि ऑर्लँडोची आस धरून बसलेल्या प्राइसच्या वाट्यास युगांडा येतो. प्रत्यक्षात ती आज्ञा प्रस्थानापूर्वीच घरी येते व बहुधा आप्तांच्या मेळ्यात उघडली जाते. पाठ केलेल्या धड्यांची पद्धतही पंथाने २००४ साली सोडली. विषय समजून घेऊन तो आपल्या शब्दांत सांगावा, अशी तेव्हापासूनची शिकवण आहे. परंतु असल्या चुका मोजीत बसणे अरसिकपणाचे होईल. नाटककारास सत्यापासून दूर जाण्याचा अधिकार आहे. दूर जाऊन त्याने काय मिळविले व काय गमाविले, एवढेच टीकाकाराने पाहावे.

गमाविले ते फार मोलाचे आहे, असे आमचे मत आहे. प्रोवोस पन्नासांहून अधिक भाषा शिकविल्या जातात. परभाषेच्या देशी जाणाऱ्यास तेथे सुमारे सहा ते नऊ आठवडे राहावे लागते, आणि पहिल्याच आठवड्यात त्यास त्या नव्या भाषेत, समोर श्रोता बसवून, धर्म सांगावयास उभे करितात. क्रियापदे चुकतात, लिंगे उलटतात, शब्द घशात अडकतो. ज्याच्या मुखी सनातन सत्य आहे अशी त्याची श्रद्धा, त्यास पाणी मागण्याचीही पंचाईत! यापरते हास्यकारक आणि करुण असे दुसरे काय असावयाचे?

आम्ही गेली तीस वर्षे इंग्रजी शिकवीत आहो. खेड्यातून आलेला एक विद्यार्थी पाठ केलेला निबंध म्हणता म्हणता मध्येच अडखळला होता. वर्ग हसला. मग त्याने आपल्या बापाच्या विहिरीविषयी दोन मोडकी वाक्ये उच्चारली. तो निबंध आम्ही विसरलो. विहीर विसरलो नाही. उसन्या शब्दांनी आरंभ कोणी केला नाही? पण स्वतःचे शब्द सापडतात ते अशा अडखळण्यातूनच. पंथ निराळा, काळ निराळा. तरी १५७९ साली गोव्यास आलेल्या इंग्रज फादर स्टीफन्स यांचे मराठी 'क्रिस्तपुराण' १६१६ साली छापले गेले, त्यामागेही असे अडखळण्याचे दिवस असलेच पाहिजेत.

नाटकात ते दिवस नाहीत. कनिंगहॅम मित्र होतो त्या नाबुलुंगीचे नाव तो वारंवार चुकीचे घेतो. प्रेक्षक हसतात, आणि भाषेचा प्रश्न तेथेच मिटतो. पाठांतरातून सुटण्याचा मार्ग त्यास सापडतो तो मनःपूत कथा रचण्याचा. समोरच्याची भाषा शिकण्याची गरज त्यास भासतच नाही. अखेरीस तीच घंटा युगांडाचे गावकरी वाजवितात. योजना मोठी चतुर आहे, आणि त्या क्षणी आम्हीही हसलो. परंतु पहिल्या घंटेपासून शेवटच्या घंटेपर्यंतचा प्रवास फार स्वस्तात उरकला, ही रुखरुख राहिली.

सांप्रदायिकांनी या थट्टेवर रोष न धरिता नाटकाच्या कार्यक्रमपत्रिकेत आपल्या धर्मग्रंथाची जाहिरात दिली, हे त्यांच्या विनोदबुद्धीस शोभले. नाटककारांनी आपल्या विनोदबुद्धीस थोडा अधिक त्रास दिला असता तर घंटा वाजविणाऱ्या मुलाच्या हसऱ्या मुखामागे पुढचा शब्द न आठवल्याची धडधड आपणांस ऐकू आली असती.