उंबरठा किती उंच?

धरणगावसारख्या खानदेशातल्या गावी एकांकिका बसवायची ठरली की पहिला प्रश्न पैशाचा येतो. पडदे कुठून आणायचे, चौकटी कोण ठोकणार? मग कोणीतरी म्हणतो, नेपथ्य नकोच. हा निर्णय कलेचा की खिशाचा, याचा विचार आपल्या चळवळीने केला पाहिजे.

नेपथ्य हे अनेक हातांचे काम आहे. पण हात एकाचे आणि नाव दुसऱ्याचे, हा समाजव्यवस्थेचा नियम रंगमंचावरही चालतो. कोल्हापूरच्या आनंदराव आणि बाबूराव मेस्त्री यांनी नाटक मंडळ्यांचे पडदे रंगवले. बाबूराव पेंटरांचे नाव चित्रपटाने राखले. केवळ नाटकासाठी राबलेल्या कित्येकांची नावे पडद्याबरोबरच गुंडाळली गेली.

१९७२ साली पुण्यात ‘घाशीराम कोतवाल’ रंगभूमीवर आले. तेंडुलकरांची संहिता, जब्बार पटेलांचे दिग्दर्शन, भास्कर चंदावरकरांचे संगीत आणि कृष्णदेव मुळगुंदांची नृत्यरचना यांच्या मेळातून तिथे माणसांची भिंत उभी राहिली. तिचे कौतुक झाले, ते योग्यच. परंतु भीमराव कर्डकांच्या आंबेडकरी जलशाने १९३० च्या दशकातच माणसांच्या बळावर गावोगावी प्रसंग उभे केले होते. नेपथ्याची चर्चा करताना त्याची आठवण किती जणांना होते? एकीकडे प्रयोग ठरणारी रिकामी जागा दुसरीकडे दारिद्र्य कशी ठरते?

प्रेमानंद गज्वींच्या ‘घोटभर पाणी’ (१९७७) या एकांकिकेत दोनच पात्रे निरनिराळ्या भूमिका घेतात. मंचावर पाणवठा बांधला तर तो नाटकातला राहील. न बांधला तर प्रेक्षकाला आपल्याच गावातला दिसेल. इथे रितेपणा हाच आशय आहे.

म्हणून रितेपणाचा सरसकट गौरव करणेही घातकच. रिकामा मंच ही आपली निवड असावी, आपल्यावरची सक्ती नसावी. आणि निवड एकट्या दिग्दर्शकाची नसावी. सुतार, शिंपी, वायरमन यांना पहिल्या वाचनालाच बोलवा. त्यांना विचारा, या वाड्याचा उंबरठा किती उंच ठेवायचा? ज्याला पिढ्यान्‌पिढ्या त्या उंबरठ्याबाहेर उभे केले, त्याला त्याची उंची कोणत्याही नेपथ्यकारापेक्षा अधिक ठाऊक असते.

आणि मित्रहो, पत्रिकेवर त्याचे नाव छापायला विसरू नका.