ड्रॉटच्या विरुद्ध काय?

स्पर्धा परीक्षांच्या इंग्रजी गाइडमध्ये समानार्थी-विरुद्धार्थी शब्दांची जी पानं असतात, त्यांच्याशी माझं भांडण आहे. 'ड्रॉट', 'फॅमिन', 'स्कॅर्सिटी' तिथे एका ओळीत बसवलेले दिसतात. जणू कुठलाही शब्द कुठेही टाकला तरी चालेल. धाराशिवच्या अभ्यासिकेत ही यादी घोकणाऱ्या पोरापोरींना यातला फरक खरं तर घरूनच ठाऊक असतो. पावसाने दडी मारली, की ड्रॉट. विहिरीने तळ गाठला आणि टँकरची वाट बघणं सुरू झालं, की पाण्याची स्कॅर्सिटी. खायलाच मिळेना आणि माणसं मरू लागली, की फॅमिन. १९७२ साली महाराष्ट्रात ड्रॉट भीषण होता. पण सरकारने लाखो हातांना काम दिलं. फॅमिन टळलं ते त्यामुळेच, असं अर्थतज्ज्ञ ज्याँ द्रेझ यांनी मांडलं आहे. दोन शब्दांमधल्या फरकात किती जीव वाचले, ते यादीत कसं कळणार?

सरकारलाही हा फरक कळतो. ऑक्टोबर २०१८ मध्ये आधी १८० तालुक्यांत 'दुष्काळसदृश' परिस्थिती जाहीर झाली. महिनाअखेरीस 'दुष्काळ' जाहीर झाला तो १५१ तालुक्यांत. एक 'सदृश' गळाला आणि तालुकेही गळाले. मला वाटतं, समानार्थी शब्दही एकमेकांचे 'सदृश'च असतात, तेच नसतात.

विरुद्धार्थी शब्दांची गत याहून वाईट. गाइड सांगतं: ड्रॉट विरुद्ध फ्लड. सप्टेंबर २०२५ मध्ये परंडा-भूम भागात पुराने उभं पीक आणि खालची मातीसुद्धा नेली. तेव्हा शेतकऱ्यांनी मागणी केली ती 'ओला दुष्काळ' जाहीर करण्याची. म्हणजे आपल्या भाषेत पूर हा दुष्काळाच्या विरुद्ध नाही, त्याचाच भाऊ आहे. दुष्काळाच्या विरुद्ध असतो तो सुकाळ. गाइडचं उत्तर पाण्यापुरतं बरोबर आहे, पिकापुरतं नाही.

पीटर रोजे या इंग्रज डॉक्टरचा प्रसिद्ध थिसॉरस १८५२ साली आला. त्यात शब्द अकारविल्हे नाहीत, कल्पनेनुसार लावले आहेत. मनात अर्थ आहे, त्याला नेमका शब्द हवा आहे, अशा माणसासाठी तो कोश होता. आपण मात्र शब्द पाठ करतो आणि अर्थ पर्याय क्रमांक तीनवर सोडतो.

परीक्षेपुरती यादी जरूर पाठ करा, गुण मिळतील. पण प्रत्येक शब्दापुढे आपल्या गावातलं एक वाक्य लिहा. ज्या वाक्यात 'ड्रॉट' चालतो आणि 'फॅमिन' चालत नाही, ते वाक्य सापडलं की शब्द तुमचा झाला.