‘कासव’मधील शुश्रूषा

सुमित्रा भावे व सुनील सुकथनकर यांच्या ‘देवराई’त (२००४) छिन्नमनस्क शेषचा भार बहिणीवर पडतो. २०१६ चे सुवर्णकमळ मिळविणाऱ्या त्यांच्याच ‘कासव’मध्ये मात्र आत्महत्येचा प्रयत्न केलेल्या तरुणास कोकणच्या किनाऱ्यावर परकी माणसे सावरतात. जानकीने नैराश्य स्वतः भोगलेले आहे. म्हणूनच ती उपदेश न करता त्याच्या मौनाला, क्वचित त्याच्या संतापालाही, घरात जागा देते. हे चित्रण निःसंशय श्रेष्ठ होय. तथापि ही शुश्रूषा योगायोगावर व जानकीच्या ऐपतीवर उभी आहे, याची दखल चित्रपट पुरेशी घेत नाही. २०२२ मध्ये सुरू झालेल्या शासकीय ‘टेली-मानस’ सेवेस (१४४१६) असा योगायोग लागत नाही. परंतु दूरध्वनी ठेवल्यावर त्या तरुणाजवळ कोणी बसावयाचे, हा प्रश्न तेथेही उरतोच.