घड्याळ फोन करते म्हणजे नेमके कोण करते?

‘घड्याळावरून थेट फोन करा’ हे वाक्य आपल्यापैकी अनेकांनी जाहिरातीत वाचले असेल. हे वाक्य व्याकरणाच्या तासाला फळ्यावर लिहावे आणि मुलांना विचारावे की यातला कर्ता कोण. फोन करणारा माणूस, हे उत्तर बरोबरच आहे. पण विज्ञानाच्या तासाला तोच प्रश्न जरा वेगळा होतो. मोबाइलच्या टॉवरपर्यंत लहरी पाठवण्याचे काम कोण करते, मनगटावरचे घड्याळ की खिशातला फोन? स्मार्ट घड्याळ घेताना ‘सेल्युलर’ घ्यावे की ‘फक्त ब्लूटूथ’ घ्यावे, याचा निर्णय या एका प्रश्नावर अवलंबून असतो. आणि जाहिराती नेमका तोच प्रश्न झाकून ठेवतात, अशी माझी तक्रार आहे.

ही तक्रार घरातूनच सुरू झाली. माझे काका निवृत्त शिक्षक, वय ७४. रोज पहाटे टेकडीवर फिरायला जातात आणि फोन मुद्दाम घरी ठेवतात. ‘‘खिशात वीट घेऊन कोण चढेल रे?’’ हे त्यांचे म्हणणे. मागच्या पावसाळ्यात टेकडीच्या मागच्या वाटेवर त्यांचा पाय घसरला आणि घोटा मुरगळला. मनगटावर मुलाने वाढदिवसाला दिलेले घड्याळ होते. खोक्यावर मोठ्या अक्षरांत ‘कॉलिंग’ असे छापलेले. काकांनी बटण दाबले, तर पडद्यावर ‘जोडणी नाही’ एवढेच उमटले. अर्धा तास ते तसेच बसून होते. शेवटी फिरायला आलेल्या दोघांनी त्यांना आधार देऊन खाली आणले. घड्याळ बिघडलेले मुळीच नव्हते. ते ब्लूटूथचे होते आणि फोन दीड किलोमीटरवर देवघरापाशी चार्जिंगला लावलेला होता.

ब्लूटूथच्या घड्याळात ‘कॉल’ होतो तेव्हा सगळे काम फोन करतो. घड्याळ म्हणजे त्या फोनचा लांब केलेला कान आणि तोंड. ब्लूटूथचा जन्मच त्यासाठी आहे. स्वीडनच्या एरिक्सन कंपनीत १९९४ साली हे काम सुरू झाले, ते दोन उपकरणांमधली वायर काढून टाकण्यासाठी. (दहाव्या शतकातील डेन्मार्कचा राजा हाराल्ड ब्लूटूथ याचे नाव या तंत्राला द्यावे, ही सूचना १९९७ साली इंटेलच्या जिम कार्डाक यांनी केली.) वायर जेवढी लांब असू शकते, साधारण तेवढीच ब्लूटूथची धाव. लहान उपकरणांत प्रक्षेपणाची शक्ती एक-दोन मिलिवॉटच्या आसपास असते आणि मोकळ्या जागेत सुमारे दहा मीटर हा व्यवहारातला आकडा धरतात. भिंती मध्ये आल्या की तो आणखी घटतो.

सेल्युलर घड्याळात मात्र स्वतःचा छोटा मोबाइल असतो. त्यात सिमकार्ड सरकवायची जागा नसते. सिमचे काम आतच बसवलेली एक चिप करते, तिला ई-सिम म्हणतात. हे घड्याळ फोनच्या मदतीशिवाय टॉवरशी बोलू शकते. अ‍ॅपलचे असे पहिले घड्याळ, म्हणजे मालिका ३, २०१७ साली आले आणि त्याची सेल्युलर आवृत्ती २०१८ साली भारतात मिळू लागली.

मग सेल्युलर केव्हाही चांगलेच, असे वाटेल. येथे थोडे पदार्थविज्ञान आठवावे लागते.

पहिली गोष्ट अंतराची. लहरी सर्व दिशांना पसरतात आणि त्यांची तीव्रता अंतराच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात कमी होते, हे आपण नववी-दहावीच्या पुढे शिकवतोच. मनगटापासून खिशापर्यंतचे अंतर एक मीटर आणि टॉवरपर्यंतचे एक किलोमीटर धरा. अंतर हजारपट, म्हणजे तीव्रता दहा लाखांश. टॉवरचे ग्राहक अतिशय संवेदनशील असतात आणि त्यांचे अँटेने मोठे असतात, म्हणूनच हे जमते. तरीही घड्याळाला आवाज चढवावाच लागतो. ४जी फोन जास्तीत जास्त सुमारे २०० मिलिवॉट शक्तीने प्रक्षेपण करतो. टॉवर जवळ असेल तर तो ही शक्ती कितीतरी कमी करतो, दूर असेल तर वाढवतो. टॉवरशी बोलणारे घड्याळही तेच करते.

दुसरी गोष्ट अँटेनाच्या लांबीची, आणि मला ती सर्वांत मनोरंजक वाटते. अँटेना चांगला चालायचा तर त्याची लांबी तरंगलांबीच्या साधारण पाव भागाएवढी असावी, असा एक सोपा नियम आहे. ब्लूटूथच्या लहरींची कंप्रता सुमारे २,४०० मेगाहर्ट्झ. प्रकाशाच्या वेगाला तिने भागले की तरंगलांबी येते साडेबारा सेंटिमीटर. तिचा पाव भाग तीन सेंटिमीटर. चार-साडेचार सेंटिमीटरच्या घड्याळात हा अँटेना सुखाने मावतो. आपल्याकडे ४जीसाठी ८५०, ९००, १८००, २१०० आणि २३०० मेगाहर्ट्झ हे पट्टे वापरतात. त्यांतल्या ८५०चा हिशेब करा. तरंगलांबी ३५ सेंटिमीटर, पाव भाग जवळजवळ नऊ सेंटिमीटर. फोनच्या लांबीत तो बसतो, घड्याळात बसत नाही. अभियंते युक्त्या करतात. अ‍ॅपलने मालिका ३ मध्ये घड्याळाचा पडदाच अँटेना म्हणून वापरला. पण आखूड अँटेनाची कार्यक्षमता कमी पडायची ती पडतेच. गंमत अशी की कमी कंप्रतेच्या लहरीच लांबवर पोचतात आणि भिंतींतून बऱ्या जातात. म्हणजे खेड्यात, डोंगरात, जाड भिंतींच्या जुन्या घरात ज्या पट्ट्याची सर्वाधिक गरज, तोच पट्टा घड्याळाला सर्वांत अवघड जातो. शिवाय अँटेनाला चिकटून मनगट असते, आणि पाण्याने भरलेले आपले शरीर या लहरींचा काही भाग गिळून टाकते.

तिसरी गोष्ट बॅटरीची. सॅमसंगच्या २०२३ सालच्या ‘गॅलेक्सी वॉच ६’च्या मोठ्या आकारात ४२५ मिलिअ‍ॅम्पिअर-तासांची बॅटरी होती. आजच्या साध्या फोनमध्ये ५,००० ची असते. विद्युतदाब दोन्हीकडे जवळजवळ सारखा, तेव्हा घड्याळाच्या शिदोरीत फोनच्या एक-बारांश ऊर्जा. आणि एवढ्याशा शिदोरीवर त्याने टॉवरपर्यंत ओरडायचे! मालिका ३ साठी अ‍ॅपलने स्वतःच दिलेले आकडे बोलके आहेत. फोन जवळ असताना घड्याळावर तीन तास बोलता येई, तर फोनशिवाय टॉवरमार्फत एक तास. ‘अठरा तास चालते’ या प्रसिद्ध आकड्याची तळटीपही वाचण्यासारखी होती. त्या अठरांपैकी चौदा तास घड्याळ फोनला ब्लूटूथने जोडलेले आणि केवळ चार तास सेल्युलरवर, असा तो हिशेब होता. तळटीप वाचायला मुलांना लावावे. गणिताच्या पुस्तकात नसलेले बरेच गणित तिथे असते.

या हिशेबातून आणखी एक बाब उघड होते. फोन जवळ असला की सेल्युलर घड्याळसुद्धा मुकाट्याने ब्लूटूथच वापरते, कारण त्यात ऊर्जा वाचते. ज्याचा फोन दिवसभर खिशात किंवा टेबलावर असतो, त्याने सेल्युलर घड्याळ घेतले तर त्यातला जादा भाग जवळजवळ सदैव झोपलेला राहतो. त्या झोपेची किंमत आपण मोजतो. ‘गॅलेक्सी वॉच ६’च्या दोन आवृत्त्यांत भारतात चार हजार रुपयांचा फरक होता, आणि २०२४च्या अ‍ॅपल मालिका १० मध्ये दहा हजारांचा. शाळेत, कार्यालयात, घरात वावरणाऱ्या बहुसंख्य लोकांनी ब्लूटूथचेच घड्याळ घ्यावे, असे माझे स्पष्ट मत आहे.

एक गैरसमज मात्र इथेच दूर करायला हवा. सेल्युलर नसेल तर घड्याळाला ‘जीपीएस’ चालणार नाही, असे दुकानात सांगितले जाते. हे चूक आहे. जीपीएसचे उपग्रह सुमारे वीस हजार किलोमीटर उंचीवरून संकेत पाठवतात आणि घड्याळ ते फक्त ऐकते. परत काही बोलत नाही, म्हणून त्याला सिम लागत नाही. नाडीचे ठोके, पावले, झोप मोजणारे संवेदकही एकाच घड्याळाच्या दोन्ही आवृत्त्यांत तेच असतात. शिवाय अनेक घड्याळे वायफायवरही चालतात. फोन वरच्या मजल्यावर आणि आपण तळमजल्यावर असलो, तरी एकाच वायफायच्या आधाराने संदेश पोचतात. पोहणाऱ्यांनी कशाचीच आशा धरू नये. पाण्याखाली दोन्ही लहरी हातभर अंतरातच संपतात.

लहान मुलांच्या घड्याळांचा प्रश्न वेगळा आहे आणि तो आपल्या वर्गाच्या दारापर्यंत आला आहे. पालक विचारतात, ‘‘सर, मुलीला सिमचे घड्याळ घेऊ का?’’ जर्मनीतील दूरसंचार नियामक संस्थेने नोव्हेंबर २०१७ मध्ये मुलांच्या अशा काही घड्याळांच्या विक्रीवर बंदी घातली. पालकांना दुरून घड्याळातला मायक्रोफोन गुपचूप चालू करता येत होता आणि काही पालक त्यातून वर्गातले शिक्षकांचे बोलणे ऐकत होते, असे त्या संस्थेच्या चौकशीत आढळले. घरी फोन राहिला तरी मुलीला संपर्क साधता यावा ही पालकांची गरज खोटी नाही. पण जे घड्याळ टॉवरशी बोलू शकते, त्याला दुरून बोलते करता येऊ शकते, हे त्यांना सांगणे शिक्षकाचे काम आहे.

आता काकांकडे वळू. त्यांच्यासारखा माणूस, जो खरोखरच फोन मागे ठेवून बाहेर पडतो, त्याच्यासाठी सेल्युलर घड्याळाला अर्थ आहे. पडल्याचे ओळखून आपोआप मदत मागणारी घड्याळे २०१८ पासून मिळतात. पण फोन जवळ नसताना ती मदत टॉवरपर्यंत पोचायला सेल्युलर लागतेच. (वायफाय टेकडीवर कोठून असणार?) तरीही घेण्याआधी आम्ही एक प्रयोग केला. तो विद्यार्थ्यांकडून शाळेच्या परिसरातही करवून घेता येईल.

अनेक फोनच्या सेटिंगमध्ये सिमच्या माहितीखाली संकेताची तीव्रता आकड्यात दिसते. हा आकडा उणे असतो. उणे ८५ म्हणजे उत्तम, उणे ११५ म्हणजे कसाबसा. दर दहाच्या फरकाला तीव्रता दहापट बदलते. मी फोन हातात घेऊन काकांच्या वाटेने चाललो आणि दर दोनशे पावलांनी आकडा वहीत लिहिला. पुढच्या उतारावर तो उणे ८५ ते ९५ होता. माथ्यावरही ठीक. मागच्या वाटेवर, जिथे काका घसरले त्याच वळणावर, उणे ११५. तीसचा फरक, म्हणजे संकेत हजारपट क्षीण! फोनलाच तेथे धाप लागत होती, मग घड्याळाचे काय झाले असते? सेल्युलर घड्याळ असते तरी त्या दिवशी काका बहुधा तसेच बसून राहिले असते.

ब्लूटूथसाठीचा प्रयोग आणखी सोपा आहे. फोनवर गाणे लावून, ब्लूटूथचा कर्णा हातात घेऊन व्हरांड्यातून चालत जायचे, गाणे तुटले तिथे खूण करून टेपने अंतर मोजायचे. मग फोनपुढे पाच-सहा मुले दाटीने उभी करून पुन्हा मोजायचे. शरीरातील पाणी लहरी कशा अडवते, ते सांगावे लागत नाही.

वहीतले आकडे काकांना दाखवले. आयुष्यभर भूगोल शिकवलेला माणूस. त्यांनी आधी वाटेचा नकाशा काढून त्यावर ते आकडे भरले आणि मागची वाट स्वतःच्या हाताने खोडली. मग सेल्युलर घड्याळ घेतले. घेताना दोन गोष्टी बघाव्या लागल्या. घड्याळ त्यांच्या फोनशी जुळते का, हे पहिले. अ‍ॅपलचे घड्याळ आयफोनलाच जोडते, तर सॅमसंगची २०२१ नंतरची घड्याळे आयफोनला जोडता येत नाहीत. दुसरे, त्यांची सिम कंपनी घड्याळाला ती सेवा देते का. दुपारी काका झोपतात तेव्हा घड्याळ चार्ज होते.

एवढे करूनही एक घोळ झालाच. सिम कंपनीच्या दुकानात घड्याळाची ई-सिम चालू झाल्याचे सांगितले गेले, प्रत्यक्षात ती बारा दिवस बंद होती. कोणाला कळलेच नाही, कारण घरात फोन शेजारी असे आणि घड्याळ त्याच्या ब्लूटूथवर खुशाल बोलत असे. म्हणून असे घड्याळ ज्यांच्या घरी आहे त्यांनी महिन्यातून एकदा फोन पूर्ण बंद करावा, घड्याळाचे वायफायही बंद करावे, अंगणात जाऊन घरच्याच कोणाला तरी घड्याळावरून फोन लावावा. चाचणीसाठी ११२ लावू नये. काका आता दर एक तारखेला मला फोन करतात. पहिले वाक्य ठरलेले असते, ‘‘अरे, मी घड्याळातून बोलतोय, तुला ऐकू येतंय ना?’’