रस्ता करण्यात आला

धारणीहून परतवाड्याकडे निघालं की हरिसाल, सेमाडोह, घटांग अशी गावं लागतात. मेळघाटातल्या रस्त्यांवर कुठे ना कुठे एखादी कोनशिला भेटतेच. अमुक यांच्या शुभहस्ते, तमुक यांच्या प्रमुख उपस्थितीत, सदर रस्त्याचे भूमिपूजन 'करण्यात आले'. नावं पदांच्या उतरंडीने लावलेली. गिट्टी कोणी फोडली, डांबर कोणी ओतलं, हे त्यावर नसतं आणि ते असावं अशी आपली अपेक्षाही नसते.

सैन्यातल्या इंजिनिअर पलटणींचे इतिहास वाचताना मला ही कोनशिला हमखास आठवते. हा एक वेगळाच लेखनप्रकार आहे. जाड गुळगुळीत कागद, स्थापनेचा दिवस, मानचिन्ह, मोहिमांचे नकाशे, आणि एक पानभर यादी: आजवरचे कमांडिंग ऑफिसर, हुद्दा, नाव, कधीपासून कधीपर्यंत. बऱ्याच पुस्तकांची प्रकरणंही याच यादीवर बेतलेली असतात. नवे साहेब आले, सूत्रं हाती घेतली, त्यांच्या कारकिर्दीत इतके पूल बांधण्यात आले, इतके सुरुंग काढण्यात आले. मग साहेब गेले आणि पुढचं प्रकरण सुरू.

यावर हसणं सोपं आहे. पण ही रचना निव्वळ खुशमस्करीतून आलेली नाही. पायदळाची पलटण बहुतेक वेळा एकत्र लढते, त्यामुळे तिच्या लढाईची एक सलग गोष्ट सांगता येते. इंजिनिअरांचं तसं नसतं. एक कंपनी पुलावर, दुसरी रणगाड्यांपुढे सुरुंग शोधायला, तिसरीतली एक तुकडी भलत्याच डोंगरात पाण्याच्या सोयीला. पलटण कागदावर एक, जमिनीवर दहा ठिकाणी. अशा वेळी इतिहास लिहिणाऱ्याच्या हाती सलग धागा एकच उरतो, तो म्हणजे मुख्यालयातली खुर्ची. शिवाय तो ज्या वॉर डायरीवर अवलंबून असतो, तीही मुख्यालयातच लिहिली जाते. म्हणजे खुर्चीवरून जे दिसलं ते पुस्तकात येतं. जे काम दुसऱ्यांच्या दिमतीला राहून केलं, ते त्या दुसऱ्यांच्या इतिहासात जातं, आणि तिथे त्याचं एवढंच वाक्य होतं: रस्ता करण्यात आला, आणि आपली पलटण पुढे सरकली. दोन्ही पुस्तकांत कर्ता गायब.

या प्रकारातलं मोठं नाव म्हणजे ई. डब्ल्यू. सी. सँडीस. हा स्वतः इंजिनिअर अधिकारी. पहिल्या महायुद्धात कूतच्या वेढ्यात अडकला, कैदेत गेला, पुढे भारतातल्या सैनिकी इंजिनिअरांवर मोठे ग्रंथ लिहिले. 'द इंडियन सॅपर्स अँड मायनर्स' आलं १९४८ मध्ये. त्याची चिकाटी थक्क करणारी आहे. पण या घराण्यातल्या सगळ्याच पुस्तकांची सवय एक: साहेब आद्याक्षरांसह येतात, शिपाई आकड्यांत येतात.

या सवयीने नेमकं काय हरवतं, ते पाहायला लांब जायला नको. धारणीच्या शेजारच्या तालुक्यात, चिखलदऱ्याला, गाविलगड आहे. डिसेंबर १८०३. आर्थर वेलस्ली, म्हणजे पुढचा ड्यूक ऑफ वेलिंग्टन, नागपूरकर भोसल्यांच्या या किल्ल्यावर चालून आला. दक्षिणेकडून चढ फार उभा, म्हणून खरा मारा उत्तरेकडून करायचं ठरलं आणि ते काम कर्नल स्टीव्हन्सनच्या फौजेकडे आलं. ७ डिसेंबरला एलिचपूर, म्हणजे आजचं अचलपूर, सोडून ही फौज डोंगरात शिरली. सुमारे ३० मैलांची वाट. जड तोफा आणि दारूगोळा जवळजवळ सगळी वाट माणसांनी हातांनी ओढत नेला, आणि तोही अशा रस्त्याने, जो आधी त्यांनाच करावा लागला. १२ तारखेला फौज किल्ल्यासमोर पोचली. १५ तारखेला किल्ला पडला, किल्लेदार बेणीसिंग लढताना मारला गेला. १७ तारखेला देवगावचा तह झाला. वर्धेच्या पश्चिमेचा वऱ्हाड भोसल्यांच्या हातून गेला. गाविलगड आणि नरनाळा तेवढे त्यांना परत मिळाले.

(वेलस्लीच्या कागदांत किल्ल्याच्या उत्तरेकडच्या एका गावाचं नाव 'लबाडा' असं येतं. धारणीकरांनी ते आपलं बांबूकेंद्राचं लवादा समजू नये. हे गाव किल्ल्याच्या तोंडाशी होतं.)

पाच दिवसांत डोंगरातून तोफांचा रस्ता. मोहिमेचा निकाल भिंतीवर लागला हे खरं, पण भिंत फोडणाऱ्या तोफा तिथवर आल्या त्या या रस्त्याने. वेलस्लीने किल्ला पडला त्याच दिवशी लिहिलेल्या खलित्यात या मेहनतीचं तोंडभरून कौतुक केलं आहे. म्हणजे तो कृतघ्न नव्हता. पण कौतुक कोणाचं? 'फौजेचं'. नावं येतात ती अधिकाऱ्यांची. झाडं कोणी तोडली, उतारावर तोफ सुटू नये म्हणून दोर कसे लावले, वाट शोधायला रानातलं कोण सोबत होतं, यातलं काही त्या कागदातून कळत नाही. कर्ता गेला की पाठोपाठ 'कसं' हेही जातं, आणि माझी मुख्य तक्रार हीच आहे. नावं गाळण्यात अन्याय आहेच, पण त्याहून मोठं नुकसान ज्ञानाचं आहे. इंजिनिअरांच्या इतिहासात 'कसं केलं' हेच नसेल, तर मग उरतं काय?

कादंबरीला तर कागदपत्रांचं बंधन नसतं. बर्नार्ड कॉर्नवेलची 'शार्प्स फोर्ट्रेस' याच गाविलगडावर घडते. प्रत्यक्षात ९४व्या रेजिमेंटचे शिपाई घेऊन कॅप्टन कॅम्पबेल दरीतून चढला आणि त्याने आतला दरवाजा उघडला. कॉर्नवेल हा पराक्रम आपल्या नायकाला, शार्पला, देऊन टाकतो. शार्प शिपायाचा अधिकारी झालेला माणूस, त्यामुळे वाचताना बरं वाटतं की चला, श्रेय निदान खालून आलेल्याला मिळालं. पण कादंबरीचा कळस तरीही भिंतीवरच आहे. रस्ता करणाऱ्याला नायक करायचं धाडस कल्पनेलाही सहसा होत नाही.

आता याच्या उलट एक मजकूर घेऊ. तो एका पानात मावतो: सेकंड लेफ्टनंट रामा राघोबा राणे यांच्या परमवीर चक्राचं मानपत्र. राणे कारवारकडच्या चेंडियाचे. १९४० मध्ये खडकीच्या बॉम्बे सॅपर्समध्ये शिपाई म्हणून भरती झाले, ब्रह्मदेशात लढले, डिसेंबर १९४७ मध्ये अधिकारी झाले. चार महिन्यांनी, एप्रिल १९४८ मध्ये, ते ३७ असॉल्ट फील्ड कंपनीच्या तुकडीसह नौशेरा-राजौरी रस्त्यावर होते. पायदळ आणि रणगाड्यांना पुढे जायचं होतं, आणि रस्ता सुरुंगांनी, पाडलेल्या झाडांनी, उडवलेल्या मोऱ्यांनी अडवलेला होता. ८ एप्रिलला काम सुरू होतानाच मॉर्टरचा मारा झाला. तुकडीतले दोन जण ठार, पाच जखमी. जखमींत राणे स्वतः. तरीही ११ एप्रिलपर्यंत काम चालू राहिलं, शेवटच्या दिवशी तर सलग १७ तास. रणगाडे पुढे गेले आणि राजौरी हाती आली.

साहित्य म्हणून पाहिलं तर या मानपत्रात एकही अलंकार नाही. पण त्यात क्रियापदांना कर्ता आहे. कोणत्या दिवशी, किती तास, कोणता अडथळा, तो कसा काढला, हे क्रमाने आहे. पदक द्यायचं तर नेमकं काय केलं ते सांगावंच लागतं, या सक्तीमुळे मजकूर आपोआप चांगला झाला. आणि हे सगळं करणारा माणूस कमांडिंग ऑफिसर नव्हता. खुर्च्यांच्या यादीत शोधलं असतं, तर राणे सापडलेच नसते.

मात्र मानपत्रालाही मर्यादा आहे. मेलेले दोघे तिथेही आकडाच आहेत. कर्ता परत आला, पण एकटाच.

मग कोणता मजकूर पुरा? मेळघाटातल्या वाचकाला तो ठाऊक आहे. रोजगार हमीच्या कामाचं मस्टर. नाव, हजेरी, किती दिवस, किती मजुरी. रूक्ष कागद, पण रस्ता कोणी केला या प्रश्नाला थेट उत्तर देणारा. त्यात कोरकू बायांची नावं असतात, जी कोनशिलेवर कधीच नसतात. सैन्यातही असे नामपट असतात. पलटणीच्या इतिहासात साहेबांची यादी खुशाल असू द्या. निर्णयाची जबाबदारी त्यांची होती आणि चुकले तर उत्तरही त्यांनाच द्यावं लागलं असतं. पण निदान एका पुलाच्या, एका रात्रीच्या कामाचा पूर्ण नामपट त्याच्या शेजारी छापा, आणि तो पूल कसा बांधला तेही सांगा. प्रकरणं कारकिर्दींनी पाडण्याऐवजी रस्त्यांनी आणि पुलांनी पाडून पाहा.

आणि वाचताना आपणही एक करू शकतो. फोनवर असा एखादा इतिहास उघडला आणि 'करण्यात आला' दिसलं की थांबून विचारायचं: कोणी? कसा? पावसाळ्यात नाला चढला की बाळंतिणीला धारणीच्या उपजिल्हा रुग्णालयापर्यंत न्यायचं कसं, हा ज्या गावांचा प्रश्न असतो, त्यांना भूमिपूजन कोणाच्या हस्ते झालं याने फरक पडत नाही. मोरी कोणी बांधली आणि ती कशी बांधली, याने पडतो.